घरकुलाचा पाया : माळवद, कबाला आणि नमुना आठ

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचा दिवस. गणरायाला निरोप देऊन लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उशिरा निद्राधीन झाली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरातील धरणी हादरली. जवळपास आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बहुतेकांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांनी. मातीत रचलेल्या दगडी, रुंद भिंती आणि त्यांवर लाकडी खणांच्या आधाराने टाकलेला मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. वैशाखात गारवा आणि पौषात ऊब देणारे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडलेले हे घर त्या पहाटे काळ ठरले.

त्यानंतर जे घडले, ते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रत्येक सदस्याने अभ्यासावे असे आहे. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने उभ्या राहिलेल्या पुनर्वसन कार्यक्रमाने दोन वाटा धरल्या. संपूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. देशभरातील सेवाभावी संस्था, उद्योगसमूह आणि राज्य सरकारे धावून आली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली. रेखीव रस्ते, सरळ ओळी, एकसारखी दारे. मंत्र्यांना दाखवावीत अशी ही गावे होती. परंतु बैल कोठे बांधायचे, कडब्याची गंज कोठे रचायची, थोरला आणि धाकटा भाऊ एका अंगणात कसे नांदायचे, याचा विचार आराखडा काढणाऱ्यांच्या मनाला फारसा शिवला नव्हता. जुन्या गावात वाड्याची भिंत आणि चौक यांनी जे खाजगीपण जपले होते, ते नव्या वसाहतीत रहिवाशांनी पुढे स्वतःच्या खर्चाने पडव्या आणि कुंपणे घालून परत मिळविले.

दुसरी वाट कमी गाजली. ज्या गावांत घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तेथील दोन लाखांच्या आसपास कुटुंबांना शासनाने हप्त्याहप्त्याने साहाय्य दिले आणि दुरुस्ती त्यांनीच करावी असे ठरविले. गावागणिक समित्या झाल्या, अभियंते नेमले गेले आणि ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या प्रयत्नाने बाराशेहून अधिक गावांतील महिला ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. वाळू किती, सिमेंट किती, पट्टी कोठे बांधायची, हप्ता का अडला, याचा जाब विचारणारी ही गृहिणी कालपर्यंत सरपंचासमोर डोक्यावरचा पदर सावरत गप्प उभी राहत असे! कामे सगळीच निर्दोष झाली असे नाही. पुष्कळांनी जुने घर बळकट करण्याऐवजी शेजारी सिमेंटची एक खोली बांधून समाधान मानले. पण त्या खोलीचा मालक तोच होता आणि बांधणाराही तोच होता. ५२ गावांतील घर मात्र बांधून मिळाले आणि त्याचा कबाला हाती येण्याची वाट कित्येकांना वर्षानुवर्षे पाहावी लागली.

खेड्यातला हा धडा शहरात कितपत उपयोगी पडतो, याचे उत्तर नांदेडने दिले. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले. २००८ साली श्री गुरु ग्रंथ साहिबजींना गुरुगद्दी मिळाल्यास तीनशे वर्षे पूर्ण होणार होती, त्यामुळे महानगरांच्या त्या यादीत गोदाकाठच्या नांदेडचे नावही आले. रस्ते रुंदावले, पूल झाले. त्याच अभियानात शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवांचा भाग होता. नांदेडसारख्या दहा लाखांखालच्या शहरास त्यात ८० टक्के केंद्रीय अनुदान होते आणि लाभार्थ्याने १० ते १२ टक्के वाटा उचलायचा होता. अनेक शहरांनी या पैशातून गावाबाहेर चार मजली इमारती उठविल्या. त्यांतील कित्येक पुढे रिकाम्या राहिल्या, कारण धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काम जेथे आहे तेथून घर सात किलोमीटर दूर नेले, तर तिला ते घर काय कामाचे? नांदेड-वाघाळा महानगरपालिकेने झोपडी जेथे होती तेथेच पक्के घर, हा मार्ग मोठ्या प्रमाणावर पत्करला. आप्त, शाळा, रोजगार काहीच सुटले नाही.

या मार्गालाही काटे होते. झोपडी उतरवायची, भाड्याने राहायचे, आणि कंत्राटदाराचे काम रेंगाळले की भाडे आणि उघडा चौथरा अशी दुहेरी ओढाताण सोसायची. शिवाय पायाखालची जमीन कोणाची, हा प्रश्न उरलाच. महापालिकेची, महसूल खात्याची, रेल्वेची की खाजगी मालकाची? भिंती पक्क्या झाल्या तरी कागद कच्चा राहिला, तर ते घर उद्या तारण ठेवता येत नाही, मुलाच्या नावे करता येत नाही.

येथेच स्थानिक संस्थेची खरी शक्ती आहे. पैसा दिल्ली आणि मुंबईहून येतो. कागद मात्र गावातच तयार होतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळाले. परंतु जागा नावावर असलेल्यासच! म्हणजे ज्याच्याकडे काही नाही, तो सर्वांत शेवटी. ग्रामीण भागात भूमिहीनास जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने अर्थसाहाय्याची योजना आहे. शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण २०१८ मध्ये आले. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण यांच्या नावे मुक्त वसाहत योजना २०११ पासून आहे. योजनांची उणीव नाही. उणीव आहे ती प्रस्ताव तयार करणाऱ्या हातांची. मोजणी, नकाशा, नमुना आठचा उतारा, ग्रामसभेचा ठराव, यांतील एक कागद अडला की पालावरचे कुटुंब पुढच्या गावी निघून जाते आणि फाइल बंद होते. वैदू, मसणजोगी, गोसावी यांच्यासाठी सरपंचाने स्वतः तहसिलाची पायरी चढल्यावाचून हे काम होत नाही.

छप्परच नसलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेला दंडक एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा, असा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख आणि लातूरची पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे नांदेडला पाच, लातूरला तीन निवारे तर हवेतच, आणि तेही शहराबाहेर पडक्या शाळेत नव्हे, रेल्वे स्थानक, बसस्थानक व मजूर अड्डा यांच्या चालत अंतरावर. नांदेडात भुकेल्याला लंगरात पंगत मिळते, हे त्या नगरीचे भाग्य. परंतु जेवण झाल्यावर पाठ टेकायला जागा देणे महापालिकेचे कर्तव्य आहे. निवाऱ्यात कुलूपबंद कपाट असावे. फुटपाथवर झोपणाऱ्याला थंडीपेक्षा बोचके चोरीला जाण्याची भीती अधिक असते.

आणि पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला हे सांगावे लागू नये. नळजोडणीविना दिलेल्या घरकुलाची किल्ली लाभार्थी घेतो, पण मुक्काम जुन्या वस्तीतच करतो.

एक साधी बाब मात्र कोणत्याच शासन निर्णयात नाही. मुखेड-कंधारकडील तांडे आणि वाड्या ऊसतोडीसाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास रिकाम्या होतात. कारखान्याच्या फडावर पाचटाची कोपी हेच तेव्हा घर. घरकुलाचा हप्ता बांधकामाचे छायाचित्र पाहून पडतो आणि छायाचित्र काढायला अभियंता येतो तेव्हा दाराला कुलूप असते. जोते तसेच राहते, यादीत ‘अपूर्ण’ असा शेरा पडतो. पहिला हप्ता अक्षय्य तृतीयेच्या आत हाती आला, मृगापूर्वी जोते झाले, तर टोळी निघण्याआधी छत पडू शकते. त्यासाठी ग्रामपंचायतीने मजूर परतल्याबरोबर, चैत्रातच, लाभार्थ्यांची यादी, मोजणी आणि बँक खाती यांचे काम उरकलेले असले पाहिजे.