काविळीची माळ आणि यकृताचा कॅन्सर

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, गिरणी कामगार आहे. वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे कळले तेच सांगतो.

आमच्या खात्यातल्या एका सोबत्याचे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी काविळीची माळ घातली. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळे झाले, कावीळ उतरली म्हणून सगळे खूश! अहो, निरोगी माणसाच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्यात धुवा, पाणी पिवळेच होते. दोन महिन्यांनी शौचाला पांढरट व्हायला लागले, अंगाला खाज सुटली. तेव्हा कुठे सोनोग्राफी केली. पित्तनलिकेत गाठ, ती यकृतात शिरलेली. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

वहिनी डॉक्टरांना एकच विचारीत होत्या, "किती दिवस?" डॉक्टर आकडा सांगेनात. मला तेव्हा राग आला होता. पुढे वाचल्यावर कारण समजले. यकृताच्या कॅन्सरमध्ये नुसती गाठ मोजून भागत नाही. बहुतेकांचे यकृत दारूने किंवा जुन्या काविळीने आधीच खराब झालेले असते. म्हणून रक्तातले बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातले पाणी आणि रोग्याचे भान, या पाच गोष्टींवरून यकृताचे अ, ब, क असे वर्ग पाडतात. माणूस स्वतः चालतो-फिरतो का, तेही बघतात. गाठ तेवढीच, पण एकाचे ऑपरेशन होते, दुसऱ्याला ते झेपत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे या दोन्ही कॅन्सरच्या उपचारात आली. त्यांनी आयुष्य काही महिन्यांनी वाढते, काहींचे जास्तही. पण किंमत गरिबाच्या आवाक्यातली नाही.

आपल्या हातातली गोष्ट त्याच्या आधीची आहे. तैवानने १९८४ साली नवजात बाळांना ब प्रकारच्या काविळीची लस सुरू केली. पुढे तिथल्या ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्या देशात ही लस २०११ पासून सर्व राज्यांत सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बाळ जन्मले की चोवीस तासांत पहिला डोस द्यायचा. बाळंतिणीच्या सासूबाईंनी हे लक्षात ठेवावे, कारण घरात त्यांचेच चालते!

ज्यांच्या रक्तात ही कावीळ निघाली आहे किंवा यकृत आकसले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गाठ लहान असताना सापडली तर कापता येते. पाचव्या शीलाबद्दल भन्तेजींनी सकाळीच सांगितले आहे, मी पुन्हा बोलत नाही.

२०१८ पासून सरकारी योजनेत या काविळीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. कुणाला एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटा. माझी रविवारी सुट्टी असते, पण सोमवारी खाडा करून सोबत येईन.

नमो बुद्धाय, जयभीम!