मंडळाचा जनरेटर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. मी यंत्रावर बोलावे याचे तुम्हांला हसू येईल. पण ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आठवा. खांब आडवे झाले, दिवसचे दिवस वीज नाही. भिऱ्याला वीज करून सुटलेले पाणी आपल्या कुंडलिकेतून वाहते, आणि आपण कोलाडात अंधारात! बोअरचा पंप बंद. आमच्या शेजारी ओली बाळंतीण. मंडळाचा जनरेटर काढला, दोरी ओढून हात सोलले, पण तो काही सुरू होईना.

मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भरलेले पेट्रोल आत चिकट होऊन बसले होते. तसाच आवरून ठेवणारी मीच.

तेव्हापासून ते काम मी मागून घेतले. काम झाले की पेट्रोलचा कॉक बंद करते आणि इंजिन आपोआप थांबू देते, म्हणजे कार्बोरेटर रिता होतो. टाकीतलेही काढते. गाळणीचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, तेलात बुडवून घट्ट पिळते. प्लगची काजळी खरवडते. ऑइल काळे दिसले की बदलते. महिन्यातून एकदा ताजे पेट्रोल घालून दोन दिवे लावून चालवते.

एक मात्र ऐका. पाऊस असला तरी तो पडवीत किंवा खिडकीशी लावू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

पुढच्या रविवारी दोघीतिघींनी शिकायला यावे. साडी मात्र जुनी नेसा.