वाया जाणारी आच

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांलगत वीटभट्ट्या उभ्या राहतात आणि मृगाच्या तोंडावर मोडतात. पेटलेली भट्टी कित्येक दिवस धुमसत असते. तिच्या पोटात नऊशे-हजार अंश सेल्सियसची आच असते. हाकेच्या अंतरावर उचल घेऊन आलेल्या कातकरी कुटुंबांची खोपटी असतात आणि पुष्कळदा त्यांत दिवा नसतो. ही आच विजेत का बदलू नये, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडेल.

प्रश्न भाबडा नाही. स्कॉटलंडमधील रॉबर्ट स्टर्लिंग या धर्मोपदेशकाने १८१६ साली अशा इंजिनाचे पेटंट घेतले. त्यात इंधन बाहेर जळते. आतली कोंडलेली हवा एका टोकाला तापून फुगते, दुसऱ्या टोकाला निवून आकसते आणि दट्ट्या हलतो. वाफेचे इंजिनही याच बाह्यज्वलनाच्या जातीचे. अशा इंजिनाला डिझेलच हवे असा हट्ट नसतो. तूस, लाकूड, भट्टीची धग, काहीही चालते.

परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. कार्नोने १८२४ साली दाखवून दिले की उष्णतेपैकी किती भागाचे काम होऊ शकेल, हे उष्ण आणि थंड बाजूंच्या तपमानावर ठरते. तीनशे अंशांची उष्णता आणि तीस अंशांची बाहेरची हवा असली, तर कमाल मर्यादा सुमारे ४७ टक्के. शंभर अंशांवर ती १९ टक्क्यांच्या आत येते. प्रत्यक्षात पदरी पडते ते याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी. भट्टीची आच आत प्रखर असली, तरी बाहेर पडते ती विखुरलेली आणि मंद. शिवाय भट्टी दरसाल मोडणारी. तिच्यासाठी महागडे यंत्र बसवून ते पावसाळाभर झाकून ठेवणे कोणत्या हिशेबात बसणार?

थंड बाजूची गोष्ट तर या तालुक्यांत विशेष बोचणारी आहे. इंजिन निववायला पाणी सोयीचे. तानसा (१८९२), मोडकसागर, भातसा हे मुंबईची तहान भागवणारे जलाशय शहापुरात. आणि भट्ट्यांच्या ऐन हंगामात, उन्हाळ्यात, त्याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहत असतात. पाण्याऐवजी हवेने निववता येते, पण यंत्र मोठे होते आणि खर्च वाढतो.

कारखान्यांचा विचार निराळा. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी बॉयलर आणि भट्ट्या कायमच्या असतात, धुराडी वर्षभर चालतात. तेथेही क्रम चुकता कामा नये: आधी गळती थांबवावी, मग धुराच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी तापवावे, माल सुकवावा, आणि उरलेल्या उष्णतेची वीज करावी. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने उर्जेचे लेखापरीक्षण मोठ्या, नेमून दिलेल्या उद्योगांना बंधनकारक केले. लहान कारखाने बहुतांशी त्या जाळ्याबाहेर राहतात. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात हे कलम का घालू नये?

अर्थशास्त्राचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो. गिरणीतले तूस एके काळी उकिरड्यावर जाई; भट्टीवाल्याने मागणी केली आणि त्याला भाव आला. टाकाऊ वस्तूला किंमत येताच तिचा धनी उभा राहतो. महाराष्ट्रातील साखर कारखाने बगॅसपासून वीज करून विकतात. ऊसतोडणीची मजुरी मात्र टनावरच ठरते. उद्या उष्णतेची वीज झाली, तर भट्टीवर वीट थापणाऱ्याच्या वाट्याला काय येईल? १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानंतरही उचलीची प्रथा टिकली, हे विसरून या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

खोपटातला दिवा तर इंजिनाची वाट पाहू शकत नाही. सौरपट्टी आता बरीच स्वस्त झाली आहे. एक दिवा आणि एक बॅटरी हा मालकाच्या हिशेबात किरकोळ खर्च. उचल ठरते ती हंगामाच्या आधी. त्याच बैठकीत, मजुरीच्या दराबरोबर, दिवा आणि पिण्याचे पाणी या दोन अटी मजुरांच्या वतीने मांडल्या पाहिजेत, आणि त्यासाठी कार्यकर्त्यांनी पाड्यांवर पोहोचायला हवे ते दिवाळीपूर्वी.