वेढ्यातले खरेदीखत

बायबलच्या जुन्या करारात विश्वासाची एक कथा चक्क जमिनीच्या खरेदीची आहे. बाबेलच्या फौजेचा यरुशलेमला वेढा पडलेला. शहर पडणार असे सांगणारा संदेष्टा यिर्मया राजवाड्याच्या चौकात कैदेत. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथ गावचे शेत विकायला आला. अशा वेळी जमीन घेणार कोण? देवाच्या सांगण्यावरून यिर्मयाने ती घेतली. 17 शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार उभे केले आणि खत टिकावे म्हणून आपला लेखनिक बारूख याला ते मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले. या देशात पुन्हा घरे-शेते विकत घेतली जातील, असे देवाचे वचन होते. व्यवहार उरकल्यावर मात्र यिर्मयाने प्रार्थनेत आपली शंकाही मांडली. मला तो भाग सगळ्यात खरा वाटतो. यिर्मयाच्या पुस्तकाचा 32वा अध्याय जरूर वाचा.