पडद्यावरचा चेंडू आणि हातातली पावती



आज आम्ही तुम्हाला एका यंत्राची गोष्ट सांगणार आहोत. यंत्र म्हणजे घरी वापरायचा संगणक. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्ही आत्ता कुठे जोडाक्षरे वाचू लागलो, आणि तुम्ही एकदम संगणकावर गेलात! पण थांबा. ही गोष्ट वाचण्याचीच आहे. ते शेवटी कळेल.

गोष्ट अमेरिकेतली आहे. साल 1984, महिना जानेवारी. लास व्हेगास नावाच्या शहरात विजेवर चालणाऱ्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे काही मंडळींनी एक नवा संगणक मांडला. त्याच्या पडद्यावर एक चेंडू उड्या मारीत होता. चेंडूवर लाल आणि पांढरे चौकोन. तो गरगर फिरे, खाली आपटे, आणि आपटला की धाडकन आवाज होई. बघणारे बघतच राहिले.

तुम्ही म्हणाल, चेंडूच तो! त्यात एवढे काय? तर त्या काळी पुष्कळ संगणकांच्या काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरे दिसत. आवाज म्हणाल तर एक बारीकशी शिट्टी. रंगीत चित्र, हालचाल आणि आवाज हे तिन्ही एकत्र, तेही घरी ठेवायच्या यंत्रात, हे नवल होते.

आता तो चेंडू फिरत कसा होता? गणपतीच्या मांडवात दिव्यांची माळ असते ना? उजेड पळतो आहे असे वाटते. खरे म्हणजे एकही दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा पेटतो. चेंडूचेही तसेच. चेंडूवरच्या पट्ट्या जागच्या जागीच होत्या. संगणक त्यांचे लाल आणि पांढरे रंग पाळीपाळीने बदलत होता. डोळ्यांना वाटे, चेंडू फिरतो आहे. युक्ती डेल लक आणि आर. जे. मायकल या दोघांची.

ही फसवणूक होती का? नाही. ते काम यंत्र स्वतः, लोकांसमोर करीत होते. त्याचे खास भाग अजून तयार व्हायचे होते, म्हणून वायरींनी जोडलेल्या मोठमोठ्या पाट्यांवर काम भागवले होते. पण काम खरे होते.

पुढे हा संगणक कमोडोर कंपनीने घेतला. नाव ठेवले अमिगा. 23 जुलै 1985 रोजी न्यू यॉर्कच्या एका नाट्यगृहात त्याचा मोठा समारंभ झाला. अँडी वॉरहॉल हे नामांकित चित्रकार मंचावर आले. गायिका डेबी हॅरी समोर बसल्या होत्या. कॅमेऱ्याने त्यांचे चित्र संगणकात घेतले, आणि वॉरहॉलनी सर्वांसमोर त्यात रंग भरले. त्या यंत्रापाशी 4096 रंग होते. एका वेळी चार आवाज काढण्याची सोय होती. किंमत 1295 डॉलर. मात्र पडद्याचे पैसे वेगळे!

हे शेवटचे वाक्य नीट ध्यानात ठेवा, बरं का. कारण इथून आमची स्वतःची गोष्ट सुरू होते.

1999 साली आम्ही एका खेड्यातल्या शाळेत नुकतेच मुख्याध्यापक झालो होतो. गावाने ठरवले, शाळेला संगणक घ्यायचा. लोकवर्गणी जमली. कोणी शंभर दिले, कोणी पाच. मजुरीला जाणाऱ्या एका बाईंनी दहा रुपये आणून आमच्या हातावर ठेवले. म्हणाल्या, "गुरुजी, माझं पोर पण बघंल ना?"

आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने नमुन्याची फिल्म लावली. वाघ डरकाळी फोडतो आहे, पृथ्वीचा गोल फिरतो आहे, गाणे चालू आहे. आम्ही खूष! पैसे मोजले, पावती खिशात घातली, आणि खोका एस.टी.त चढवला.

दुसऱ्या दिवशी सारा गाव शाळेत जमला. आम्ही बटण दाबले. पडदा उजळला, चित्र आले. पण आवाज? आवाज नाही. ते दहा रुपयेवाल्या बाईंचे पोर पुढे बसले होते. त्याने विचारले, "गुरुजी, ह्यो मुका हाय का?"

आम्ही दुकानात परत गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "गुरुजी, आवाजाचं कार्ड आणि स्पीकर वेगळे. फिल्मची तबकडीही वेगळी. पावती बघा की." पावती पाहिली. सारे इंग्रजीत लिहिलेले होते. आम्ही मॅट्रिक झालेले. आम्हाला वाचता येत होते. पण आम्ही वाचलेच नव्हते! वीस वर्षे पोरांना वाचायला शिकवले, आणि गावाचा पैसा हातात असताना स्वतः वाचले नाही.

आम्ही गावच्या सभेत उभे राहिलो आणि चूक सांगितली. लाज वाटली, पण सांगितली. कार्डाचे आणि स्पीकरचे पैसे आमच्या पगारातून भरले. महिन्याभराने संगणक बोलू लागला.

मंडळी, आज तुमच्या हातात मोबाईल आहे. दिवसभर त्यावर वस्तूंच्या फिल्मा दिसतात. बघा, खुशाल बघा. बघितल्याशिवाय नवी वस्तू कळत नाही. पण पैसे देण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली : विचारा, हे काम याच यंत्रावर चालले आहे, की दुसरीकडे तयार केलेली फिल्म नुसती दाखवता आहात?

दुसरी : विचारा, यातले काय काय या किमतीत मिळते, आणि कशाचे पैसे वेगळे?

तिसरी : आपल्या हाताने चालवून पाहा.

चौथी : पावती वाचा. अडले तर वाचून घ्या. न वाचता पैसे देऊ नका, सही तर मुळीच करू नका.

जाता जाता एक सांगतो. कमोडोर कंपनीचे 1994 साली दिवाळे निघाले. पण वॉरहॉलनी अमिगावर काढलेली काही चित्रे जुन्या फ्लॉपींत पडून होती. 2014 साली जाणत्या लोकांनी ती खटपट करून बाहेर काढली. दुकानातला देखावा दोन घटकांचा असतो. त्या यंत्रावर आपण जे काम करू, तेच मागे राहते.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने घरातली एक पावती आणा. वाण्याची आणा, विजेच्या बिलाची आणा, कसलीही आणा. आपण सारे मिळून ती वाचू.