डेपोवर जाणारी वाळू



बेळगाव, राजकोट, कोइमतूर अशा ओतकामाच्या गावांतून आपण आलात, याचा आम्हां कोल्हापूरकरांना आनंद आहे. शेतकऱ्याच्या विहिरीवर चालणाऱ्या ऑइल इंजिनांनी हे गाव कारखानदार बनलं. उद्यमनगरात सुरू झालेलं ओतकाम पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत पसरलं. आज या परिसरात सुमारे ३०० फाउंड्या आहेत. आमच्या कास्टिंगचं कौतुक आपण नेहमीच करता. स्वागताध्यक्ष म्हणून मला मात्र आज कास्टिंग बाहेर काढल्यावर मागे जे उरतं, त्याविषयी बोलायचं आहे.

एक टन धातू ओतायला चार-पाच टन वाळू साच्यात लागते. तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका, ४ ते १० टक्के बेंटोनाइट, शिवाय कोळशाची भुकटी आणि थोडं पाणी. ही वाळू आपण पुन्हा पुन्हा वापरतो, पण दर फेऱ्याला थोडी जळते आणि तेवढी बाहेर टाकावी लागते. नॉकआउटच्या जाळीशी उभं राहून पाहा. साचा फुटतो, वाफाळती काळी वाळू खाली पडते. जुना मोल्डर तिची मूठ दाबतो. चांगली वाळू बोटांचे ठसे धरून ठेवते, जळकी हातातच सुटते. त्याच ढिगात तपकिरी, कडक ढेकळंही असतात. ती कोअरची, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणारी, वाळू. तिला रेझिनचा वास येतो. आणि मग हे सगळं एकाच डंपरमध्ये भरून आपण कचरा डेपोवर पाठवून देतो. माझा सारा आक्षेप या एका डंपरवर आहे.

कचरा डेपोचा विचार त्याच्या बाजूने करून पाहू. २०१६ च्या घनकचरा नियमांनी लँडफिलची जागा किमान २० ते २५ वर्षं पुरावी असं ठरवलं. रोजचा कचरा दिवस संपताना किमान १० सेंटीमीटर माती किंवा निरुपद्रवी राडारोड्याने झाकायचा. पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटीमीटरचा दाबलेला थर द्यायचा. एक हेक्टरवर १० सेंटीमीटर म्हणजे १००० घनमीटर माती. पावसाळी थराचा हिशेब केला तर तो ४००० ते ६५०० घनमीटरवर जातो. ही माती कुठून येते? कुणाच्या तरी माळावरून, कुणाच्या तरी शेताच्या कडेवरून. म्हणजे डेपोत एकीकडून आपली वाळू कचरा म्हणून येते आणि दुसरीकडून चांगली माती झाकण म्हणून येते. जागा दोन्ही खातात. वाळूनेच झाकणाचं काम केलं तर मातीची तेवढी जागा वाचते, डेपोचं आयुष्य वाढतं आणि माळावरची माती माळावर राहते.

वाळूचा उपयोग इथेच थांबत नाही. लँडफिलच्या तळाला ९० सेंटीमीटर जाडीचा दाबलेल्या चिकणमातीचा थर लागतो. त्यातून पाणी सेकंदाला सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त वेगाने झिरपता कामा नये. ढोबळमानाने वर्षाला ३ सेंटीमीटर. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या अभ्यासकांनी ग्रीन सँडवर, म्हणजे साच्याच्या याच बेंटोनाइटवाल्या वाळूवर, प्रयोग केले. बेंटोनाइट ६ टक्क्यांच्या वर असेल आणि ओल व दाब नीट दिला, तर ही वाळू ती कसोटी पार करू शकते असं त्यांना आढळलं. साचा धरून ठेवणारं बेंटोनाइटच इथे पाणी अडवतं. बेंटोनाइट कमी असलेल्या वाळूला तळाचं काम देऊ नये, तिच्यातून पाणी निघून जातं. आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडी ठेवली तर कोरडी वाळू उडते. सिलिकाची बारीक धूळ छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. म्हणून पाणी मारणं हा या कामाचा भाग आहे. त्यात काटकसर चालणार नाही.

मग सगळीच वाळू द्यायची का? मुळीच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या फाउंड्यांतली सिलिका वाळू तपासली. रस्त्याच्या भरावाखाली आणि तयार मातीत ती वापरायला हरकत नाही, असा निष्कर्ष काढला. पितळेच्या फाउंड्यांची वाळू मात्र त्यांनी त्यातून वगळली, कारण तिच्यात शिसं-जस्त येतं. रेझिनच्या कोअरवाळूत फिनॉल राहू शकतं. प्रयोगशाळेतला अहवाल हाती येईपर्यंत अशी वाळू वेगळीच ठेवली पाहिजे. आपण नॉकआउटलाच दोन ढीग केले, तर पुढचं निम्मं काम झालं. एकदा मिसळलेला ढीग वेगळा करायला कुणालाच परवडत नाही.

अधिकारी मंडळींनाही माझी एक विनंती आहे. तपासून चांगली ठरलेली वाळू देण्या-घेण्याची परवानगी सोपी असू द्या. आज वाळू डंपरमध्ये घालून नजरेआड करणं स्वस्त पडतं. ती तपासून, कागद करून कुणाला देणं महाग पडतं. हा हिशेब उलटा झाला पाहिजे.

डेपोला जेवढी लागेल तेवढीच वाळू तिथे जावी. उरलेली आधी आपल्याच साच्यात परत आली पाहिजे. आमच्या भागातला सामाईक रिक्लेमेशन प्लांट त्यासाठीच आहे. तरी जी उरेल तिचे पेव्हर ब्लॉक होतील, विटा होतील. सिमेंटच्या भट्टीलाही सिलिका लागते, पण त्या भट्ट्या कोल्हापूरपासून लांब आहेत आणि डिझेलचा खर्च वाळूच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आपल्याला उत्तर जवळपासच शोधावं लागेल.

आणखी एक गोष्ट मनात सलते, ती बोलून दाखवतो. आमची बरीच वाळू घाटाखालून, कणकवलीच्या कासार्डे भागातून येते. तिथे डोंगर पोखरला जातो आणि इथे शहराच्या कडेला नवा डोंगर उभा राहतो. तिथल्या माणसांना धूळ, इथल्या माणसांनाही धूळ. मध्ये उभे असलेले आपण कारखानदार आहोत आणि हे थांबवणं आपल्याच हातात आहे.

परिषदेच्या या दोन दिवसांत आपण तीन प्रश्नांवर स्पष्ट बोलावं, अशी माझी इच्छा आहे. चाचणीचे निकष कोणते असावेत, वाहतुकीचा खर्च कोणी सोसावा, आणि लहान फाउंड्रीवाल्याला, ज्याच्याकडे दुसऱ्या ढिगाला जागाच नाही, त्याला कुठे जागा द्यावी. तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बड्यांचं कसंही निभेल, लहानांना सोबत घेतलं नाही तर एकही डंपर कमी होणार नाही.

उद्या सकाळी शिरोलीची भेट ठेवली आहे. बंद बूट आणि मास्क सोबत असू द्या. नॉकआउटजवळ जाऊन दोन्ही वाळू हातात घेऊन पाहा. जेवणाची, राहण्याची काही अडचण आली तर स्वागत समितीचे कार्यकर्ते दाराशीच आहेत, हक्काने सांगा. आता मी अध्यक्ष महोदयांना पहिल्या सत्राची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.