उन्हात पेंटबॉल: अंगावर काय घालायचं आणि काय घरी ठेवायचं

आजचा भाग थोडा वेगळा आहे. यात ना कोडिंग आहे, ना इंटरव्ह्यूची तयारी. ऑफिसच्या ग्रुपवर एप्रिल-मेमध्ये एक मेसेज हमखास येतो, "टीम आउटिंगला पेंटबॉल खेळू या का?" हा भाग त्यासाठी आहे. आणि खरं सांगायचं तर मी केलेल्या एका चुकीसाठी आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या टीमचं आउटिंग मी ठरवलं. शहराबाहेरचं एक मैदान, शनिवार, स्लॉट दुपारी बाराचा. तोच स्लॉट का? तर स्वस्त होता. आणि आदल्या रात्री मीच ग्रुपवर टाकलं, "गोळी लागली की दुखतं, जाड कपडे घालून या." लोक शहाणे, त्यांनी ऐकलं. एक नवीन जॉइन झालेला मुलगा होता, तेविशीचा. तो जाड जीन्स, काळा टी-शर्ट आणि वरून हुडी घालून आला. त्यावर मैदानवाल्यांनी दिलेली डांगरी, त्यावर छातीचं पॅड आणि तोंडावर मास्क. म्हणजे भर उन्हात हा मुलगा चार थर अंगावर घेऊन पळत होता.

तिसऱ्या गेममध्ये तो टायरच्या ढिगामागे खाली बसला आणि त्याने मास्क काढला. मैदानावर, खेळ चालू असताना. मार्शलने जीव खाऊन शिट्टी मारली, सगळे थांबले. पेंटबॉलची गोळी साधारण 17 मिलिमीटरची असते आणि सेकंदाला 80-90 मीटर वेगाने येते. मांडीवर बसली तर आठवडाभर निळा डाग राहतो. डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, ब्रीफिंगमध्ये दोनदा सांगितलं होतं. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "दादा, त्या वेळी फक्त हवा हवी होती, बाकी काही सुचलंच नाही."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. उन्हात चुकीचे कपडे घातले तर नुसता त्रास होत नाही, माणूस चुकीचे निर्णय घ्यायला लागतो. कपड्यांचा प्रश्न इथे थेट डोळ्यांच्या सुरक्षेचा होतो.

त्याला उलटी झाली, डोकं गरगरत होतं. सावलीत आणलं, डांगरी, हुडी सगळं उतरवलं, मानेवर, काखेत पाणी ओतलं, पुठ्ठ्याने वारा घातला. चाळीसेक मिनिटांत तो ताळ्यावर आला. तरी डॉक्टरकडे नेलंच. सगळं निभावलं. पण ग्रुपवरचा तो "जाड कपडे" वाला मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही. राहू दे तो तिथेच.

आता मुद्द्यावर येतो. आपला लॅपटॉप गरम झाला की प्रोसेसर स्वतःला हळू करतो. शरीराचं तसंच आहे, फक्त आपला पंखा म्हणजे घाम. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता तयार करतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. पळायला लागला की हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. आणि बाहेरची हवा 35 अंशांच्या वर गेली की ती आपल्या त्वचेपेक्षा गरम असते. मग वारा गार करत नाही, उलट तापवतो. अशा वेळी एकच रस्ता उरतो, घाम सुकणं. एक लिटर घाम तासाभरात अंगावर सुकला तर साधारण 670 वॉटचं कूलिंग मिळतं. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, आकडा बघून उडालोच. पण अट आहे: तो सुकला पाहिजे. टपटप गळून बुटात गेलेला घाम फुकट गेला.

म्हणून कपडा निवडताना मी आता एकच प्रश्न विचारतो: यातून घाम सुकेल का?

सुती की पॉलिस्टर, यावर आमच्याकडे लंच टेबलवर भांडणं झालीत. आई म्हणते उन्हाळ्यात सुतीच. जिमवाला मित्र म्हणतो सुती म्हणजे पाप. दोघंही अर्धे बरोबर आहेत. सुती कापड पाणी धरून ठेवतं, पॉलिस्टर जवळजवळ धरतच नाही. पुण्याच्या, नगरच्या, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ओला सुती शर्ट हा चालताफिरता कूलर आहे, पण तो सैल असेल आणि त्याला वारा लागत असेल तरच. तोच शर्ट डांगरीच्या आत कोंडला की ओल्या फडक्यासारखा अंगाला चिकटतो, जड होतो, घासतो. तिथे आत पातळ पॉलिस्टरची जर्सी बरी. फुटबॉलची, जाळीदार, रस्त्यावर मिळते ती सुद्धा चालते. तेव्हा आमचा आता सरळ हिशोब आहे. मैदानवाल्यांची डांगरी घालायचीच असेल तर आत फक्त पातळ जर्सी आणि शॉर्ट्स. दुसरं काही नाही. जीन्स तर नकोच नको. डेनिम भिजली की सुकायचं नाव घेत नाही आणि गुडघा वाकवायलाही जोर लागतो.

डांगरी सक्तीची नसेल तर त्याहून बरं. एक साइज मोठा, पूर्ण बाह्यांचा, सैल सुती शर्ट आणि पातळ कार्गो पँट. पूर्ण बाह्या कशाला, असं सगळे विचारतात. कारण उघड्या कातडीवर ऊन थेट बसतं आणि गोळीसुद्धा थेट बसते. सैल कापडाचं आणखी एक गुपित आहे. गोळी लटकत्या कापडावर बसली की थोडा मार कापड खातं. ताणून बसलेल्या टी-शर्टवर चटका जास्त. म्हणजे जे गार ठेवतं तेच कमी दुखवतं. जाड कपड्यांचा माझा सल्ला दोन्ही बाजूंनी चुकला होता.

रंगाबद्दल एक मजेशीर गोष्ट. 1980 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता, वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात यावर. काळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं, हे खरंच निघालं. पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता कापडातच राहते आणि आतून खेळणाऱ्या हवेसोबत निघून जाते, कातडीपर्यंत पोचतच नाही. काळ्या-पांढऱ्यात आतल्या माणसाला फरक पडला नाही. याचा अर्थ काळा घट्ट टी-शर्ट घाला असा अजिबात नाही हां! कापड अंगाला चिकटलेलं असेल तर काळा रंग भाजतोच. सैल असेल तर रंगाचं फार टेन्शन घेऊ नका. खाकी, मातकट, फिकट हिरवा, काहीही चालतं.

एक मात्र सांगतो, लष्करी छपाईचे कपडे टाळा. जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, फोटोत भारी दिसतात, मान्य. पण आपल्या लष्कराने 2022 च्या सैन्यदिनी जो नवा पॅटर्न दाखवला, त्याच्या डिझाइनची रीतसर नोंदणी झालेली आहे. आणि सैनिक असल्याचा आव आणायला तसा पोशाख घालणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसेल, पण हायवेवरच्या नाक्यावर खेळण्यातली बंदूक आणि असा शर्ट घेऊन ते समजावत बसायची हौस आहे का? साधा एकरंगी शर्ट घाला आणि निवांत घरी जा.

माझा मावसभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो. तो एअरसॉफ्ट खेळतो, म्हणजे 6 मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांचा खेळ. तिथे उन्हाळ्यात 38-40 अंश रोजचंच. त्याने मला व्हिडिओ कॉलवर त्याचा कॉम्बॅट शर्ट दाखवला. बाह्या जाड कापडाच्या, पण छाती-पाठीला एकदम पातळ, ताणणारं कापड. कारण वर बुलेटप्रूफ जॅकेट येणार हे धरूनच तो बनवलाय. तिथे मला माझं उत्तर मिळालं. वर काय येणार आहे ते बघून आतला थर ठरवायचा. आपण करतो उलटं, आधी घरचे कपडे घालतो आणि त्यावर सगळं चढवतो.

तो भाऊ असंही म्हणाला की व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांचे कपडे पातळ सुती, मुद्दाम ढगळ असायचे. मी म्हटलं, अरे, आपल्या आजोबांची बंडी आणि धोतर काय वेगळं होतं? हसला.

पण खरी दाद द्यायची तर आमच्या टीममधल्या एकीला. त्या दिवशी सगळ्यांत ताजीतवानी तीच होती. ती रोज दुपारी स्कूटरवरून येते, त्यामुळे ऊन कसं अडवायचं याचा तिचा अनुभव आम्हा सगळ्यांपेक्षा दांडगा. डांगरीच्या आत पातळ सुती कुर्ता, आणि मानेभोवती तिचा तो मोठा सुती स्कार्फ, ओला करून. आम्ही हसलो होतो, "पेंटबॉलला पण स्कार्फ?" मास्कखाली मान उघडी राहते आणि मानेवर बसलेली गोळी फार झोंबते. तिला लागली तेव्हा ओल्या स्कार्फवर बसली, ती जागची हललीसुद्धा नाही. मी आता गावाकडचा पंचा नेतो. पातळ, पटकन भिजतो, पटकन सुकतो, मानेला बांधा, डोक्याला बांधा.

डोक्याला बांधायचा मोठा फायदा मास्कला होतो. कपाळाचा घाम काचेवर उतरला की धुकं धरतं, दिसेनासं होतं, आणि मग हात आपोआप मास्ककडे जातो. कपाळावर कापडाची पट्टी बांधा. मास्क भाड्याने घेताना दुहेरी काचेचा आहे का विचारा, त्यावर धुकं कमी धरतं. आणि तरीही काही दिसेना झालं तर हात वर करा, ओरडा, मैदानाबाहेर या, आणि तिथे मास्क काढा. त्याआधी नाही.

मुंबई, ठाणे, कोकणवाल्यांसाठी वेगळं सांगावं लागेल. तुमच्याकडे 33 अंश असले तरी हवेतच एवढं पाणी की घाम सुकतच नाही. ओला पंचा नुसता ओला राहतो. तिथे कितीही भारी कपडे घेतलेत तरी मर्यादा आहे, तेव्हा सकाळी सातचा स्लॉट घ्या. तसा तो पुण्यातही घ्या. उन्हात ठेवलेल्या पेंटबॉलच्या गोळ्यासुद्धा मऊ पडतात, त्यांचं कवच जिलेटीनचं असतं. गोळीला जे झेपत नाही ते आपण अंगावर का घ्यायचं?

लाजायचं नाही असा एक विषय: मांड्या घासणं. आत सायकलवाली घट्ट शॉर्ट घाला, थोडं व्हॅसलीन लावा. संध्याकाळी नीट चालता येईल. बस, पुढे.

पाणी आदल्या रात्रीपासून प्या. सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा, एक पाकीट एक लिटरमध्ये. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, कोकम सरबत उत्तम. दर गेमनंतर सावलीत बसून डांगरी कमरेपर्यंत उतरवा, दहा मिनिटं तरी. आणि वर्षभर एसीत बसून पहिल्याच दिवशी सहा गेम खेळू नका, शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

कोणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जातोय, शुद्ध हरपतेय असं दिसलं तर तो उष्माघात समजायचा. कपडे काढा, पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरच्या कार्यक्रमात लोक नुसते उन्हात बसले होते, तरी जीव गेले. आपण तर पळत असतो.

यंदाचं आउटिंग परत माझ्याकडेच आलंय. स्लॉट सकाळी सातचा, तीनशे रुपये जास्त पडले. तो मुलगा येतोय, त्याने ग्रुपवर विचारलं, "दादा, हुडी आणू का?" मी त्याला पंच्याचा फोटो पाठवला. तुमच्याकडे उन्हात खेळताना काय चालतं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू.